नवऱ्याचं नाक आणि चहाचे चार हंगाम

इतकी वर्षं संसार झाला, पण माझ्या हातच्या चहाला नवऱ्यानं कधी चांगलं म्हटलं नाही. जास्त उकळला, कमी उकळला, आलं वरचढ झालं, दूध पुढं गेलं, पातेल्याला कालच्या भाजीचा वास आहे, काही ना काही असायचंच. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना मात्र 'तो'च म्हणणार आहे. इथं मला कोण अडवतंय. नवी नवरी होते तेव्हा मी रडायची. मग भांडायला शिकले. पुढं दोन्हीचा कंटाळा आला, तेव्हा कप समोर ठेवायचा आणि त्यानं घोट घ्यायच्या आत स्वयंपाकघरात निघून जायचं, अशी सवय लावून घेतली. तरी तो मागून ओरडून सांगायचाच.

खरं म्हणजे तो त्याच्या धंद्याचा दोष. जानेफळात बाजाराच्या वाटेवर आमचं चहापत्तीचं दुकान आहे. बंद पुड्यांचं नाही, खुल्या पत्तीचं. पोत्यांतून दाणेदार येते, भुकटी येते, लांब पत्ती येते, आणि गिऱ्हाईक बघून तो त्यांचं मिश्रण करतो. हॉटेलवाल्याला रंग सुटणारी, लग्नघराला पुरवठ्याला येणारी, शिक्षक मंडळींना वासाची. सासऱ्यांच्या वेळची एक मोठी पितळी परात आहे, तिच्यात हातानं कालवायचं. कालवून झालं की तो मूठभर पत्ती तळहातावर घ्यायचा, मूठ मिटायचा, मुठीत तोंडानं गरम वाफ सोडायचा आणि लगेच नाक खुपसायचा. डोळे मिटायचे, भुवया वर जायच्या. मग एक तर परात बाजूला, नाही तर आणखी ओंजळभर भुकटी. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी ही पूजा चुकायची नाही. मी म्हणायची, "तुमचं नाक कापून काचेच्या बरणीत ठेवलं तं दुकान आपोआप चालंन."

आमची एकुलती एक लेक शेतीचं शिकली आणि आसामात एका चहाच्या मळ्यावर नोकरीला लागली. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. पोरीला एवढ्या दूर कशाला धाडता, इकडं सोयाबीन-तूर नाही का. विहारात रविवारी वंदना झाली की बाया मला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, तिकडं भात खातात म्हणे, हत्ती फिरतात म्हणे. नवरा मात्र छाती काढून फिरत होता. त्याच्या बापानं, त्यानं जन्मभर चहा विकला, पण चहाचं झाड दोघांनी कधी पाहिलं नव्हतं. आता घरातलं कुणीतरी त्या झाडाजवळ उभं राहणार होतं.

पहिल्या वर्षी मार्च सरता सरता तिचं पार्सल आलं. वसंतातली पहिली खुडणी, असं तिनं फोनवर सांगितलं होतं, फार नाजूक माल आहे, जपून वापरा. जपून म्हणजे थोडा थोडा, असं आम्ही समजलो. मी नेहमीच्या पातेल्यात नेहमीसारखं पाणी, साखर, आलं, दूध घातलं आणि चमचाभर पत्ती टाकली. उकळी आली, रंग येईना. आणखी टाकली. आणखी उकळलं. दूध जसंच्या तसं, जरासं मळल्यासारखं दिसायला लागलं. दोघंही पातेल्यावर वाकून उभे. शेवटी पुडी रिकामी झाली आणि कपात जे उतरलं ते दुधापेक्षा थोडं गडद आणि कडवट होतं. नवरा म्हणाला, "याच्यात तं दमच नाई. पोरीले फसवलं त्यायनं."

लेकीला फोन लावला. तिनं आधी रंग कसा आला ते विचारलं. मग म्हणाली, "आई, दूध घातलं? आलं घातलं? अन् उकळलं?" तिच्या आवाजावरून मला वाटलं, हिचं कुणी मेलंबिलं की काय.

दुसरी पुडी तिनं धाडली, पण आधी पातेल्याची शिकवणी घेतली. पाणी उकळायचं, उतरवायचं, पत्ती टाकून झाकायचं, थोड्या वेळानं गाळायचं, आणि बाकी काही म्हणजे काही घालायचं नाही. मला विचाराल तर ते गरम पाणी होतं. नवऱ्यानं घोट तोंडात धरला, बऱ्याच वेळानं गिळला आणि त्या दिवशी प्रथमच माझ्या हातच्या चहाला नाव ठेवलं नाही. मी खूश झाले, तर म्हणतो, "तू याच्यात काई केलंच नाई, म्हणून बिघडला नाई."

त्यानंतर वर्षभर तिच्याकडून काही ना काही येत राहिलं आणि बापलेकीचं फोनवर चहाचं बोलणं चालायचं. मी भाकरी थापता थापता ऐकायची. सगळा काळा चहा, झाड तेच, खुडायची दोन पानं आणि एक कळी तीच. पानं सुकवायची, वळायची, हवेवर काळवंडू द्यायची आणि भट्टीवर वाळवायची, तेही तेच. मग चव वेगळी कशानं येते? तर म्हणे, कधी खुडलं त्यावर. थंडीभर झाड निजलेलं असतं, त्यानंतरचे पहिले कोंब हळूहळू येतात, त्यांत वास भरपूर आणि रंग फिका. मे-जूनच्या उन्हातली दुसरी खुडणी अंगानं भरलेली, गोडसर. पावसाळ्यात कोंब भराभर वाढतात, माल ढिगानं निघतो, रंग कडक, पण वास पाण्यात गेलेला. पाऊस ओसरून रात्री गार झाल्या की पुन्हा वाढ मंदावते आणि शेवटची खुडणी मवाळ, तांबूस निघते.

एवढं ऐकून मी तव्यावरून सांगितलं, "यात काय नवल हाय? आपला सांबार नाई का तसाच?" आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. श्रावणातल्या सांबाराची जुडी हातभर, हिरवीगार, आणि नाकाला लावली तर गवत. तीच थंडीत बोटभर वाढते, पण शेजारणीनं चिरली तर आपल्याला कळतं. फोनवर लेक एकदम ओरडली, "आई, अगदी हेच! आमचे साहेब हेच सांगायले अर्धा तास लावतात." त्या दिवशी मी भाकरी जरा ऐटीत थापली.

आणि मग पुढच्या पावसाळ्यात नवरा तापानं पडला.

ताप साधाच म्हणायचा. आठवडाभर अंथरुणात होता, मग उठला, आंघोळ केली, दुकान उघडलं. दुपारी मी डबा घेऊन गेले, तर तो परातीसमोर बसला होता. मुठीत वाफ सोडत होता, नाक घालत होता. पुन्हा नवी मूठ. पुन्हा वाफ. डोळे मिटलेले, पण भुवया जागच्या हलत नव्हत्या. मला पाहिल्यावर त्यानं मूठ माझ्यापुढं केली. "पाह्य बरं, वास येते का?" इतक्या वर्षांत त्यानं मला त्या परातीला हात लावू दिला नव्हता. मी हुंगलं. चहाचा खमंग वास होता, चांगला दणदणीत. मी तसं सांगितलं. तो फक्त "बरं" म्हणाला आणि हात झटकले.

सर्दी असेल, जाईल, असं म्हणत पावसाळा गेला. तो आठवणीनं कालवत होता: याला इतकी भुकटी, त्याला इतकी दाणेदार. पण पोतं पोत्यासारखं नसतं, हे तोच आम्हाला सांगायचा. बीबी गावाकडचा एक जुना हॉटेलवाला गिऱ्हाईक पिशवी परत घेऊन आला. भांडायला नाही, मोठा भला माणूस. म्हणाला, "भाऊ, हा तुमच्या हातचा नाई वाटत. बाहेरून आणला का?" नवरा म्हणाला, हो, बाहेरून आणला होता, आणि त्याला दुसरी पत्ती दिली. तीही त्यानंच कालवली होती.

घरी काय चाललं होतं ते तर मला कुणाला सांगताही येत नव्हतं. मी चहा ठेवायची, तो प्यायचा आणि म्हणायचा, "चांगला हाय." रोज. सकाळी चांगला, संध्याकाळी चांगला. ज्या शब्दासाठी मी तरुणपणी रडले, तो आता बादलीभर मिळत होता आणि मला नको झाला होता. एकदा मी मुद्दाम डब्याच्या तळाची जुनी, कुबट झालेली भुकटी टाकली आणि मरेस्तोवर उकळली. मला स्वतःला तो घोट गिळवेना. त्यानं कप रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "चांगला हाय." मी मागच्या दारी धुणं वाळत घालायला गेले आणि ओल्या चादरीआड उभी राहून खूप रडले.

मेहकरच्या डॉक्टरांनी नाक-घसा सगळं तपासलं. आत काही बिघाड दिसत नाही, तापानंतर असं होतं, बऱ्याच जणांचं परत येतं, काहींचं येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. रोज न चुकता ओळखीचे वास हुंगत जा, नाकाला आठवण करून देत जा, हाच उपाय. एसटीत परत येताना तो खिडकीबाहेर बघत होता. अंजनी गाव मागं पडल्यावर म्हणाला, "होळीपर्यंत पाह्यतो. नाई तं बंद पुडे आणून विकतो. त्याले काय नाक लागत नाई." घरी आल्यावर त्यानं परात घासली, पुसली आणि दुकानातल्या खिळ्याला टांगून टाकली, आणि पत्ती न कालवता पोत्यांतून तशीच विकू लागला.

बंद पुडे विकून पोट भरलं असतं, त्याची मला धास्ती नव्हती. पण हा माणूस दिवसभर नुसते पुडे उचलून देईल आणि घरी येऊन माझ्या चहाला चांगलं म्हणेल, हे माझ्यानं बघवणार नव्हतं. मी तसं लेकीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबाले लवंग अन् लिंबू हुंगवून काय होणार हाय? त्याईचं नाक चहाचं हाय. मी धाडते."

शेवटची खुडणी आटोपल्यावर तिचं पार्सल आलं. त्यात कापडाच्या चार थैल्या होत्या, प्रत्येकीचं तोंड वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधलेलं. पांढरा दोरा वसंताचा, पिवळा उन्हाळ्याचा, काळा पावसाचा, तांबडा सरत्या वर्षाचा. त्या वर्षाचे चारही हंगाम तिनं बापासाठी थोडे थोडे राखून ठेवले होते. दिवस उजाडल्यावर एकेक थैली उघडायची, मुठीत वाफ सोडायची, हुंगायचं आणि हुंगताना त्या हंगामाचा वास आठवायचा, असा तिचा हुकूम होता.

आमची सकाळ अशी सुरू व्हायला लागली. तो ओट्यावर उन्हाला बसायचा, मी समोर. पांढरा. "आला?" "नाई." पिवळा. "आला?" "नाई." काळा, तांबडा, नाही, नाही. आठवड्याभरात तो कंटाळला. "हे कायचे पोरखेळ लावले तुमी मायलेकीनं," म्हणून थैल्या सरकवल्या. मग माझाही तोल गेला. मी म्हटलं, "इतके वर्षं तुमी माया चहाले नावं ठेवली, मी ऐकून घेतली. आता माई पाळी हाय. रोज हुंगा म्हणते तं हुंगाचं!" शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. त्यानं निमूट काळ्या दोऱ्याची थैली उचलली.

डिसेंबरात लेकीनं मळ्याचा फोटो पाठवला. छाटणी झाली होती. जिकडं बघावं तिकडं गुडघाभर उंचीचे करडे खुंट, एक पान नाही. मला बघवेना, मी म्हटलं, जळालं की काय सगळं. ती म्हणाली, "निजलं हाय, आई. याच्यानंतर जो येते ना, तोच पांढऱ्या दोऱ्याचा." नवऱ्यानं तो फोटो मोठा करून, बोटानं सरकवत सरकवत, पार कडेपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी मी हाक मारायच्या आधी तो ओट्यावर जाऊन बसला होता.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी काळी थैली हुंगताना त्याचं तोंड वाकडं झालं. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, "घाण वास येऊन राह्यला. ओल्या पोत्यावानी." मी उडालेच. "वास येऊन राह्यला?" "हाव. पण घाण." "घाण तं घाण!" मी म्हटलं आणि पार रस्त्यापर्यंत जाऊन परत आले, का ते मलाही माहीत नाही. दुपारी फोनवर लेकीला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, पावसाचा माल ना, त्याला थोडं ओलं पोतं असणारच, बाबांचं बरोबर आहे.

नंतर वास आले ते कसेही, वेडेवाकडे आले. फोडणी दिली की त्याला रबर जळाल्यासारखं वाटायचं, साबण मातीसारखा. एकदा विहारात अगरबत्ती लागली तेव्हा तो मधेच उठून बाहेर गेला. म्हणाला, केस जळल्यावानी येतं. मी देवाला-बिवाला काही बोलणाऱ्यांतली नाही, पण त्या दिवसांत मनाशी बरंच काही बोलले. महाशिवरात्रीच्या सुमारास पिवळ्या थैलीनं गूळ दिला. नुसता गूळ नाही, कढईच्या कडेला लागलेला, असं त्यानं नीट सांगितलं. तांबड्या थैलीचा त्याला एकदा भास झाला, एकदा नाही. पांढऱ्या थैलीतून काहीच येत नव्हतं. होळी जवळ आली. त्यानं माल पुरवणाऱ्या एका गाडीवाल्याकडं बंद पुड्यांची चौकशी केल्याचं मला बाहेरून कळलं. मी थैल्या तेवढ्या रोज पुढं करत राहिले.

होळीच्या दिवशी सकाळी घरातली पत्ती संपली. परात खिळ्याला टांगल्यापासून घरासाठी वेगळं कालवणं बंदच झालं होतं. दुकानातून आणायला जायचा मला आळस. काळ्या दोऱ्याच्या थैलीत अजून पुष्कळ होतं, त्यातलं दोन चमचे टाकलं. पुरणाची डाळ दुसऱ्या शेगडीवर होती, तिच्या नादात चहा उकळत राहिला. गाळला, कप त्याच्यासमोर ठेवला आणि जुन्या सवयीनं आत वळले.

मागून आवाज आला. "काऊन वं? हे पावसातली पत्ती काऊन टाकली याच्यात?"

मी थांबले. हातात ओलं फडकं होतं.

"अन् उकळलं केवढं! पोतं धुतल्यावानी लागते हे. दूध कालचं हाय. आलं तं नुसतं दाखवलं तू याले. चहा हाय का काय हाय हे?"

मी आत गेले नाही. फडकं खांद्यावर टाकलं, त्याच्यासमोर पाटावर जाऊन बसले आणि म्हटलं, "अजून काय काय बिघडलं, सांगा." त्याला आधी कळलंच नाही मी अशी का बसले ते. मग त्यानं कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कप पुन्हा नाकाशी नेला. त्याच्या भुवया वर गेल्या. डोळ्यांत पाणी आलं, तरी तो दोष काढतच राहिला, साखरेपासून कपाच्या कानापर्यंत, आणि मी एकही शब्द मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. तिकडं डाळ तळाशी लागली. तेही आधी त्यालाच कळलं.